रिस्क तुमची, रेट कुणाचा?

मागच्या महिन्यात या पानावर एका ओळीचा प्रश्न टाकला होता, जिवाला धोका असलेल्या कामाला पगार खरंच जास्त मिळतो का. पत्रं आणि मेसेज मिळून बरेच आले, त्यातली पाच घेतलीयत. नावं सगळ्यांचीच काढलीयत कारण दोघांनी तशी विनंती केली होती, आणि एकाचं छापायचं एकाचं नाही हे बरं दिसत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा मर्चंट नेव्हीत खलाशी आहे, दुसरं कॉन्ट्रॅक्ट. त्याचं जहाज लाल समुद्रातून गेलं होतं तेव्हा फोनवर म्हणाला, आई काळजी करू नको, तिथे डबल पगार मिळतो. डबल ऐकून मला जास्तच भीती वाटली. हे डबल म्हणजे नेमकं किती? आणि मी जात नाही असं त्याला म्हणता येतं का? (एक आई, दापोली)

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाहीये पण पूर्णही सांगत नाहीये, आईला जेवढं सांगायचं तेवढंच सांगतोय. डबल होतो तो बेसिक. जहाजावरच्या पगारात बेसिक, ओव्हरटाइम, लीव्ह पे असे तुकडे असतात, त्यातला फक्त बेसिक डबल, आणि तोही जहाज युद्धाचा धोका म्हणून आखून दिलेल्या हद्दीत जेवढे दिवस आहे तेवढ्याच दिवसांचा. तीन दिवसांत पार झालं तरी किमान पाच दिवसांचे पैसे धरतात एवढी सवलत आहे. समजा बेसिक महिन्याला ६०० डॉलर धरला तर दिवसाचे २० झाले, सहा दिवस हद्दीत काढले तर जास्तीचे १२० डॉलर, म्हणजे आपल्या दहा हजार रुपयांच्या आसपास. मिसाइलच्या टप्प्यातून जायचे दहा हजार.

हे नियम जहाजमालकांच्या संघटना आणि आयटीएफ, म्हणजे वाहतूक कामगारांची जागतिक युनियन, यांनी एकत्र बसून ठरवलेले आहेत. आधी सोमाली चाच्यांच्या वेळी एडनच्या आखातासाठी वापरले, नंतर येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर लाल समुद्राच्या दक्षिण भागाला. भीती काही उगाच नव्हती. १९ नोव्हेंबर २०२३ ला गॅलेक्सी लीडर जहाज पकडलं, त्यावरची माणसं सुटली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्सवर मिसाइल पडलं, तीन जण गेले, आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकातानं २१ जणांना बाहेर काढलं, त्यात एक भारतीय होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो माझ्या मते पगारापेक्षा महत्त्वाचा आहे. हो, नको म्हणता येतं. ज्या हद्दीला युद्धाची हद्द म्हणून जाहीर केलंय तिथे जायला खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीनं स्वतःच्या खर्चानं घरी पाठवायचं आणि वर दोन महिन्यांचा बेसिक द्यायचा. हद्दीत काही बरंवाईट झालं तर भरपाई दुप्पट. पण हे सगळं त्या जहाजावर तसा युनियनचा करार असेल तरच, आणि जगात करार नसलेली जहाजं भरपूर फिरतात. तेव्हा मुलाला डबलचं विचारू नका, जहाजावर आयटीएफचा करार आहे का ते विचारा. त्याची कॉपी जहाजावर असते, त्याला बघता येते. पुढच्या वेळी एजंट बघताना त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या, यादीत आहे का तेही बघून घ्या, मुंबईत नुसीचं, म्हणजे खलाशांच्या युनियनचं, ऑफिस आहे तिथेही चौकशी करता येते. प्रत्यक्षात पोरं नकार देत नाहीत, कारण एकदा नाही म्हटलं की पुढचं कॉन्ट्रॅक्ट कधी मिळेल ही धाकधूक असते आणि एजंटच्या दारात रांग मोठी असते, हे तुम्हाला कोकणात राहून मी सांगायला नको.

जाता जाता एक गंमत. अर्थशास्त्राचा जनक म्हणतात त्या अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली लिहून ठेवलंय की बंदराच्या गावात मुलाला शाळेत घालायला गरीब घरची आई घाबरते, जहाजं बघून आणि खलाशांच्या गप्पा ऐकून पोरगं समुद्रावर जाईल म्हणून. त्याचं पुढचं म्हणणं असं की तरण्या पोरांना असला धोका नकोसा वाटत नाही, उलट हवासा वाटतो, आणि म्हणूनच धोका असूनही खलाशाचा पगार म्हणावा तसा वाढत नाही. अडीचशे वर्षं झाली, हर्णै बंदरावर उभं राहून वाचलं तरी पटतं.

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला. दोन एकर वावर आहे, बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. फवारणीले निंदणापेक्षा जास्त पैसे भेटतात हे खरं, पण डोळे जळतात, चक्कर येते, घरचे नको म्हणतात. मले एवढंच विचारायचं आहे, हे जे जास्तीचे भेटतात ते धोक्याच्या मानानं बरोबर आहेत का? (एक मजूर शेतकरी)

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, निंदणाशी तुलना करू नका. निंदण बाया करतात आणि बायांना रोज सगळीकडेच कमी देतात, त्यामुळे फवारणीचा रोज निंदणापेक्षा जास्त दिसतो त्यातला मोठा भाग पुरुष म्हणून मिळतो, विष अंगावर घेतलं म्हणून मिळत नाही. डवरणीला किंवा पोती उचलायला पुरुषाला जेवढं मिळतं ते बाजूला धरा आणि मग फवारणीतनं ते वजा करा, जे उरेल तो धोक्याचा भाव. करून बघा, बहुतेकदा फार काही उरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. दिवसावर न ठरता दर भरलेल्या पंपामागे पैसे ठरले की माणूस पंप वाढवायला बघतो. वारा उलटा असला तरी थांबत नाही, दुपारच्या उन्हात मारतो, हातमोज्यानं झाकण उघडायला वेळ लागतो म्हणून हातमोजा काढून ठेवतो, नोझल तुंबलं की तोंडानं फुंकतो. म्हणजे धोक्याचे म्हणून जे पैसे देतात ते देण्याची पद्धतच धोका वाढवते. तुम्ही मजुरी करता तिथे पंपामागे न घेता दिवसाचा रोज ठरवता आला तर तेवढं करा, पैसे थोडे कमी आले तरी.

२०१७ चा खरीप तुम्हाला सांगायला नको. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर यायचा, बॅटरीचे पंप नवीन आलेले, त्यांची फवार बारीक, दोन-तीन औषधं एकात एक कालवलेली. एकट्या तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली आणि दवाखान्यात भरती झालेले शेकड्यांनी. आता अर्थशास्त्राच्या हिशोबानं पुढच्या सीझनला फवारणीचा रेट एकदम चढायला पाहिजे होता, कारण धोका सगळ्या गावाला दिसला होता. रेट चढतो कधी, तर पाच-सहा जण म्हणतात आम्ही येत नाही आणि मालकाला माणूस मिळत नाही तेव्हा. सप्टेंबरात दुसरं काम नाही, दुकानदाराची उधारी अंगावर, शाळेची फी द्यायची, अशा वेळी येत नाही म्हणणारा एक निघतो आणि येतो म्हणणारे दहा.

त्यात जे नुकसान आज दिसत नाही त्याचा तर भावच लागत नाही. चक्कर कळते, पण वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलेलं काय करतं ते मजुराला कोण सांगणार, माहितीचा कागद बाटलीला असतो तो मुंगीएवढ्या अक्षरात. डब्यावरचा त्रिकोण तरी बघत जा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लालवाल्याला नाही म्हणा, अगदी खरंच नाही म्हणा. आणि मळमळ, घाम, धूसर दिसणं असं काही सुरू झालं तर थांबायचं, कपडे बदलायचे, अंग साबणानं धुवायचं आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्यायची, कुठलं औषध होतं हे कळलं की अ‍ॅट्रोपिनचा उतारा द्यायचा का ते डॉक्टरला ठरवता येतं.

तुमच्या नावावर दोन एकर आहे म्हणून सांगते त्यातला एक फायदा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. तुमच्या शेजारी पंप घेऊन चालणाऱ्या ज्या माणसाच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नाही त्याला हे नाही. विष तेच, वावर तेच.

प्रश्न : मॅडम, मी एसवायबीएला आहे, इकॉनॉमिक्स. आम्हाला शिकवलं की काम जेवढं धोक्याचं आणि घाण तेवढा पगार जास्त, नाहीतर ते कोणी करणारच नाही. मग गटारात उतरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त पगार का नाही? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही. (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सरांना सोडून दे, प्रश्न झकास आहे. थिअरी खोटी नाहीये, तिच्या अटी पुस्तकात बारीक टाइपात असतात. स्मिथनं उदाहरण दिलं होतं, लोहार कारागीर असून बारा तासांत जेवढं कमवत नाही तेवढं खाणीतला साधा मजूर आठ तासांत कमावतो, कारण लोहाराचं काम कमी घाण, कमी धोक्याचं, आणि उजेडात जमिनीवर चालतं. हे खरं व्हायला खाणीतल्या मजुराला लोहाराच्या भात्यापाशी जाऊन उभं राहता आलं पाहिजे. १८४८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञानं हेच उलटून सांगितलं, की सगळ्यात जीव काढणारी आणि किळसवाणी कामं जवळजवळ नेहमीच सगळ्यात कमी पगाराची असतात, कारण ती करणाऱ्यांना दुसरं काही मिळत नाही. दोघांचंही बरोबर आहे, माणसं वेगळी आहेत एवढंच.

आणि आपल्याकडे तर मिलच्या पुढची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलंय की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. गटारात कोण उतरणार हे पगार बघून ठरतच नसेल, आडनाव बघून ठरत असेल, तर पगार वाढायचं कारणच उरत नाही. २०१३ च्या कायद्यानं सेफ्टीचं सामान न देता माणूस गटारात उतरवायला बंदी आहे, तरी ठेकेदार उतरवतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं की गटारात गेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते ३० लाख केले. मला यातलं गणित चमत्कारिक वाटतं, की ज्याला जिवंतपणी दिवसाचे काही शे रुपये द्यायला कां कूं करतात त्याचाच जीव गेल्यावर ३० लाख, म्हणजे तेही भांडून मिळाले तर. पण कोर्टाचा आकडा मोठा असण्याचा एक उपयोग आहे, मशीन घेणं ठेकेदाराला स्वस्त वाटायला लागतं.

परीक्षेत लिहायला एक आकडा देते. अमेरिकेत लाकूडतोड्यांच्या कामात २०२२ साली लाखामागे साधारण १०० मृत्यू झाले, सगळ्या कामांची सरासरी ३.७ होती. आणि त्यांचा पगार? देशातल्या मधल्या पगाराच्या आसपास. तिथे जात नाही, कायदे आहेत, तरी हे असं. युनियन जिथे आहे तिथे धोक्याचे पैसे जास्त मिळतात आणि बाहेरून आलेल्या मजुरांना कमी, असं तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. हे लिहिलंस तर सर मार्क देतात का बघ.

प्रश्न : मी सैन्यातून रिटायर झालोय. पुतण्या सियाचेनला होता. गावात लोक म्हणायचे, त्याला काय, महिन्याला ३० हजार वरचे मिळतात. जिवाची किंमत ३० हजार का? सरकार हा आकडा आणतं कुठून? (एक सुभेदार, सातारा)

उत्तर : सुभेदार साहेब, सातव्या वेतन आयोगानं यासाठी एक तक्ता केलाय, एका बाजूला धोका, दुसऱ्या बाजूला हालअपेष्टा, दोन्हींच्या तीन तीन पायऱ्या, असे नऊ चौकोन. सियाचेन त्या नवांत बसलंच नाही म्हणून त्याच्यासाठी वर एक दहावा चौकोन काढला. आयोगानं जवानासाठी २१,००० आणि अधिकाऱ्यासाठी ३१,५०० सुचवले होते. तेव्हा सैन्याकडून ओरड झाली की ईशान्येत पोस्टिंग झालेल्या सनदी अधिकाऱ्याचा भत्ता बेसिकच्या टक्केवारीत असल्यामुळे याच्यापेक्षा जास्त भरतो, तोही गावात बंगल्यात राहून. मग २०१७ मध्ये सरकारनं ३०,००० आणि ४२,५०० केले. म्हणजे आकडा तक्त्यातून आला खरा, पण हलला तो ओरडल्यावर.

जिवाची किंमत म्हणाल तर अर्थशास्त्रात खरंच एक आकडा काढतात, आणि तो पगारातूनच काढतात. समजा एका कामात वर्षाला दहा हजारांत एक मृत्यू जास्त होतो आणि त्या कामाला माणसं वर्षाला ५,००० जास्त मागतात. दहा हजार माणसांचे मिळून झाले ५ कोटी, जीव गेला एक, म्हणजे एका जिवाची किंमत ५ कोटी. अमेरिकेचं वाहतूक खातं रस्त्याला कठडा लावायचा का नाही हे याच हिशोबानं ठरवतं, २०२३ साठी त्यांचा आकडा होता १ कोटी ३२ लाख डॉलर, आपले शंभर कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे मद्रासच्या कामगारांच्या पगारावरून असा अभ्यास झालाय. तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांसाठी किस्सा सांगते, २००३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशोबात सत्तरीच्या पुढच्यांचा जीव ३७ टक्के स्वस्त धरला होता. म्हातारे असे खवळले की खात्याला तो हिशोब सोडून द्यावा लागला.

पुतण्याच्या बाबतीत मात्र हा हिशोब लावू नका. ऑर्डर आली की जायचं असतं. पगार बघून कोण जातो आणि कोण नाही यावरून किंमत काढतात, आणि जिथे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो तिथे ३० हजार हा भत्ता आहे, भाव नाही.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर वीज कंपनीत कंत्राटी वायरमन आहेत, बारा वर्षं. पर्मनंट वायरमन आणि हे एकाच पोलवर चढतात, पगार निम्मासुद्धा नाही. आता ठेकेदार म्हणतोय महिन्याला ५०० रुपये रिस्क अलाउन्स देतो पण ईएसआयचं मागू नका, हप्ता कापला तर हातात कमी येईल. मिस्टर घ्या म्हणतात. काय करू? (नाशिक जिल्हा)

उत्तर : घेऊ नका. म्हणजे ५०० मिळाले तर घ्या, पण ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, बदल्यात नको. हप्ता किती कापतात ते त्यानं सांगितलं का? पगाराच्या पाऊण टक्का. १५,००० पगार धरला तर ११२ रुपये ५० पैसे. ठेकेदाराला स्वतःचे सव्वातीन टक्के भरावे लागतात, त्याचे ४८७ रुपये ५० पैसे, आणि त्यानं तुम्हाला आकडा दिलाय ५००. हिशोब त्यानं बरोबर केलाय. वर तुमच्या औषधपाण्याची आणि अपघाताची जबाबदारी पण गेली त्याच्या डोक्यावरची.

ईएसआय असताना कामावर अपघात झाला आणि माणूस गेला तर घरच्यांना सरासरी मजुरीच्या ९० टक्क्यांपर्यंत दर महिन्याला मिळतं, वाटून, बायकोला तिचा हिस्सा आयुष्यभर, पुन्हा लग्न केलं नाही तर. आणि त्याला किती महिने हप्ता भरला ही अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लागू. पगार २१,००० पर्यंत असेल तर हे सक्तीचं आहे, ठेकेदाराच्या मर्जीवर नाही.

ईएसआय नसेल तर १९२३ च्या भरपाईच्या कायद्याप्रमाणे एकरकमी मिळायची, तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. त्या कायद्याचा हिशोब असा, पगाराचा अर्धा गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, आणि पगार जास्त असला तरी १५,००० पर्यंतच धरायचा. चाळिशीच्या माणसाचा आकडा १८४.१७, म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, १३ लाख ८१ हजारांच्या आसपास. रक्कम मोठी वाटते पण ठेकेदार हात वर करतो, पोलवर चढताना त्यानं दारू घेतली होती म्हणतो, तो आमचा माणूसच नव्हता म्हणतो. ठेकेदारानं नाही दिलं तर ज्या कंपनीचं काम चालू होतं तिच्याकडे मागता येतं हे लक्षात असू द्या, आणि त्यासाठी ते त्या दिवशी त्या कामावर होते याचा कागद लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे कामाचे मेसेज, हजेरीचा फोटो, डिलीट करू नका.

पर्मनंट आणि कंत्राटी यांच्यातला फरक मात्र खरंच संतापजनक आहे. वायरला माहीत नसतं कोण कुठल्या मस्टरवर आहे. वीज जाते ती रात्री पावसात, तेव्हा फोन येतो तो बहुतेक कंत्राटीलाच, आणि कंत्राटी माणूस परमिट, म्हणजे लाईन बंद केल्याचा परवाना, येईपर्यंत थांबतो म्हणाला तर लोक डीपीपाशी जमून शिव्या घालतात. मिस्टरांना एवढं विचारा, परमिट हातात आल्याशिवाय चढता का, चढल्यावर अर्थिंग रॉड लावता का, हातमोजे शेवटचे कधी मिळाले. लाईन बंद केली तरी कुणाच्या तरी जनरेटरचा रिटर्न सप्लाय येतो आणि त्यात माणसं जातात, म्हणून रॉड. हे सामान मागायला ५०० रुपयांपेक्षा जास्त जोर लावा, एकट्यानं नको, सेक्शनच्या सगळ्या कंत्राटी पोरांच्या सह्या घेऊन लेखी द्या आणि एक कॉपी शिक्का मारून घ्या.

आणि ठेकेदार म्हणाला की ईएसआय आधीपासून चालूच आहे, तर विमा नंबर मागा. नंबर मिळाला की ईएसआयसीच्या साइटवर टाकून हप्ता भरला जातोय का ते दिसतं. एकदा बघून सोडू नका, काही ठेकेदार दोन महिने भरतात आणि टेंडर पास झालं की बंद करतात.